गोळा किती लांब गेला ते मोजतात

परवा ग्राउंडवर एका पोराच्या वडिलांनी विचारलं, सर, पोलीस भरतीत आता डोक्याची पण टेस्ट, म्हणजे राग-स्वभाव बघणारी मानसिक चाचणी, घ्यायला पाहिजे असं लोक म्हणतात, तुम्हाला काय वाटतं? मी भरतीच्या पोरांना बुद्धिमत्ता शिकवतो. म्हणजे अंकमालिका, सांकेतिक भाषा, "फोटोतल्या माणसाकडे बोट दाखवून सीमा म्हणाली" वगैरे. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० मार्काची, लेखी १०० ची. पोरांना उंची १६५ सेंटीमीटर, छाती फुगवून ५ सेंटीमीटर जास्त, १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदात मारलं की २० पैकी २०. पण पोरगं चिडलं की काय करतं, हे कोण मोजतंय?

गंमत बघा, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनचा सहायक चालक, व्हायचं तर सायको टेस्ट द्यावी लागते, त्यातल्या प्रत्येक भागात ठराविक मार्क आले नाहीत की बाहेर. आर्मीत ऑफिसर व्हायला एसएसबीत, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीत, पाच दिवस, चित्रं बघून गोष्टी लिहा, ६० शब्द दाखवतात, प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद. आणि रायफल घेऊन गर्दीत उभं राहणाऱ्या शिपायाला गोळाफेक.

म्हणून टेस्ट पाहिजेच. १७ लाख अर्ज येतात तिथं सगळ्यांची कशी घेणार हे रडगाणं नको, मेरिट लागल्यावर जेवढी पोरं राहतात तेवढ्यांचीच घ्या ना. हां, दुसऱ्या महिन्यात "स्वभाव चाचणी, १००० प्रश्न उत्तरांसह" असं पुस्तक बाजारात येईल हे पण लिहून ठेवा, आणि ते पोरांना शिकवणारा बहुतेक मीच असेन 😄

पण खरी अडचण वेगळीच आहे. माझ्याकडं दोन पोरं होती. एक तापट, पळताना लाइन कापली म्हणून एकाला ढकलून काटेरी कुंपणात पाडलेला. दुसरा इतका शांत की हजेरीला त्याचं नाव राहूनच जायचं. दोघं लागले. पहिला आज ठाण्यात भांडणं सोडवतो, लोक त्याचं नाव घेऊन येतात. टेस्ट असती तर माझ्या अंदाजानं तोच उडाला असता.

३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाचा (आरपीएफ) एक एएसआय, म्हणजे सहायक उपनिरीक्षक, आणि तीन प्रवासी गोळ्या लागून मेले, आरोप त्याच गाडीत ड्युटीवर असलेल्या आरपीएफ जवानावर. सोबतच्या सहकाऱ्याचा जबाब पेपरात आला होता, आरोपी जवानानं आधी बरं वाटत नाही, मला सोडा असं सांगितलं होतं म्हणे. भरतीच्या दिवशीची कुठली टेस्ट त्या रात्री कामाला आली असती? दर वर्षा-दोन वर्षांनी तपासा, आणि तपासणारा साहेबाच्या हाताखालचा नको.

तो शांत पोरगा गार्ड ड्युटीला आहे. गणपतीच्या बंदोबस्तानंतर रात्री दीडला फोन, सर झोप येत नाय, महिना झाला. म्हटलं साहेबांना सांग की.

"सांगितलं तर हत्यार काढून घेतील सर, मग सगळी येडा म्हणतील. लग्न ठरायचंय अजून."