टॉमी जॉन सर्जरीने पोरांचा हात 'अपग्रेड' होत नाही, कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका

अमेरिकेतल्या आपल्या पालकांच्या ग्रुप्सवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, कोच लोक तुमच्यापासून लपवतात ती बेसबॉलची सत्यं म्हणे. लिहिणाऱ्याचं नाव नाही. म्हणणं असं की मुलांनी जितकं जास्त फेकावं तितका हात मजबूत होतो, पिच काउंट (पिचरने म्हणजे बॉल टाकणाऱ्याने किती बॉल टाकले याची मोजणी; असा प्रत्येक बॉल म्हणजे एक पिच) हे घाबरटांचं खूळ आहे, इजा फक्त कर्व्हबॉलने (हवेत वळणाऱ्या बॉलने) होते, छातीला गार्ड असलं की हार्टची काळजी नाही, आणि पुढेमागे कोपराची टॉमी जॉन सर्जरी करावी लागली तरी फायदाच, पिचर आधीपेक्षा फास्ट होऊन येतो. माझ्या बहिणीने हे फॅमिली ग्रुपवर टाकून विचारलं, "दादा, खरंय का रे हे?" तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, न्यू जर्सीत दोन टीमकडून पिचिंग करतो. म्हणून गप्प बसवत नाहीये.

आधी सर्जरीचंच घेतो कारण ते वाचून डोक्यात तिडीकच गेली. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स या बेसबॉल टीमचा पिचर टॉमी जॉन याच्यावर हे पहिलं ऑपरेशन केलं. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) निकामी झालेलं, म्हणून त्याच्याच दुसऱ्या हातातला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढला, कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यातून तो ओवून बसवला. तेव्हा तो 31 वर्षांचा होता, 1975 चा अख्खा सीझन घरी बसला. पुढे 1989 पर्यंत खेळला हे खरं, पण ही मोडलेली गोष्ट दुरुस्त करणं झालं, चांगल्या हातात ताकद भरणं नाही. बॉलला स्पीड पाय, कंबर, पाठ आणि खांद्यातून येतो, लिगामेंट फक्त कोपर उघडू नये म्हणून धरून ठेवतं. मग काही मुलं फास्ट होऊन परत येतात ती कशी? अहो, ऑपरेशननंतर वर्षभर किंवा जास्तच काळ फिजिओकडे रोज घाम गाळलेला असतो, त्यात सोळाचा मुलगा सतरा-अठराचा होतो, उंची वाढते, अंग भरतं. हाच व्यायाम चिरफाड न करताही करता येतो. आणि जी मुलं परत पिच करूच शकली नाहीत त्यांचे व्हिडिओ कोण फॉरवर्ड करतंय? 2015 च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या 2007 ते 2011 मधल्या या सर्जऱ्या मोजल्या, त्यात निम्म्याहून जास्त 15 ते 19 वयाच्या मुलांवर झाल्या होत्या. पोरं आहेत हो ही!

अकरा वर्षांच्या मुलाचं तर अजूनच वेगळं आहे. त्याच्या कोपरात हाड जिथून वाढतं ती ग्रोथ प्लेट अजून उघडी असते आणि लिगामेंटच्या आधी ताण तिथेच येतो, त्याला डॉक्टर लिटल लीग एल्बो म्हणतात. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं मूल म्हणालं की त्या दिवशी पिचिंग बंद, बर्फ लावून पुन्हा बॉल टाकायला पाठवायचं नाही.

आता "जास्त फेकाल तितकं मजबूत". बर्मिंगहॅम, अलाबामाच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने 9 ते 14 वयाच्या 481 पिचर मुलांना दहा वर्षं फॉलो केलं, निष्कर्ष 2011 मध्ये छापले. वर्षात 100 इनिंग्जपेक्षा (मॅचमधल्या छोट्या डावांपेक्षा) जास्त पिचिंग करणाऱ्या मुलांना गंभीर इजा होण्याची शक्यता साडेतीन पट निघाली, आणि गंभीर म्हणजे कोपराचं किंवा खांद्याचं ऑपरेशन नाहीतर इजेमुळे पिचिंगच कायमचं सोडणं. दुसरं काही वाचू नका पण एवढं वाचा. मेसेजमध्ये प्रसिद्ध पिचर नोलन रायनचं उदाहरण दिलंय, एका मॅचमध्ये 235 पिच टाकले म्हणून. तो तेव्हा 27 वर्षांचा प्रोफेशनल खेळाडू होता, पाचवी-सहावीतलं पोर नव्हे.

कर्व्हबॉलबद्दल थोडं मान्य करावं लागेल. त्याच इन्स्टिट्यूटच्या कामात कर्व्हबॉलने कोपरावर फास्टबॉलपेक्षा (सरळ जोरात टाकलेल्या बॉलपेक्षा) जास्त जोर येतो असं काही सिद्ध झालं नाही, खरा गुन्हेगार जास्त पिचिंग हाच. म्हणजे मेसेज इथेही उलटाच, कर्व्हबॉल टाळला म्हणून फास्टबॉल कितीही टाका असा अर्थ निघतच नाही.

छातीच्या गार्डचं थोडक्यात. बॉल हृदयावर नेमक्या क्षणी आदळला तर धडधडणारं हृदय थांबू शकतं, त्याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात, आणि त्यासाठी बॉल फार फास्ट असावा लागत नाही. नॉक्सी (अमेरिकेतलं खेळाच्या साहित्याच्या सुरक्षिततेचं) स्टँडर्डचं गार्ड धोका कमी करतं, शून्य नाही करत. मूल कोसळलं तर लगेच सीपीआर (छाती दाबणं) आणि एईडी (हृदयाला शॉक देणारं मशीन), तेव्हा ग्राउंडवर एईडी कुठे ठेवलंय ते सीझनच्या पहिल्याच दिवशी विचारा.

पिच काउंट हे कुणाचं खूळ नाही, लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने 2007 मध्ये तो आणला आणि 2014 मध्ये एमएलबी (प्रोफेशनल लीग) आणि यूएसए बेसबॉल (देशाची बेसबॉल संघटना) यांनी पिच स्मार्ट ही मार्गदर्शक नियमावली काढली. त्यात 11-12 वयाला दिवसाला जास्तीत जास्त 85 पिच, 66 किंवा त्याहून जास्त टाकले की चार दिवस आराम, आणि वर्षात किमान चार महिने बॉल फेकणंच नाही. बहिणाबाई, तुझ्यासाठी महत्त्वाचं हे की हा हिशोब मुलाचा आहे, टीमचा नाही. शनिवारी लीगमध्ये 70 टाकले तर रविवारी ट्रॅव्हल टीमकडे (बाहेरगावी जाऊन खेळणाऱ्या दुसऱ्या टीमकडे) शून्य, तिथला कोच काहीही म्हणो. दोन्ही कोचना एकमेकांचे आकडे माहीत नसतात, त्यामुळे वही तुलाच ठेवावी लागेल. आणि पिचिंग झाल्यावर त्याच मॅचमध्ये त्याला कॅचर (बॅट्समनच्या मागे बसून बॉल झेलणारा) करत असतील तर स्पष्ट नाही म्हण.