न नेलेल्या मार्कशीट

गेली 23 वर्षं मी परळमधल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात काम करते. माझ्या खुर्चीमागे लोखंडी कपाट आहे, त्याच्या खालच्या कप्प्यात मार्कशीटचे गठ्ठे आहेत. निकाल लागले, मार्कशीट आल्या, पण न्यायला कुणी आलंच नाही. बहुतेक सगळ्या पहिल्या-दुसऱ्या सेमिस्टरच्या. दिवाळीआधी कपाट आवरताना त्यातली एक हातात आली, म्हणून हे लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

शिवडीचा मुलगा. बारावीला 68 टक्के घेऊन बी.कॉम.ला आला. कॉलेज सकाळचं म्हणून आमच्याकडे आला, असं फॉर्म भरतानाच म्हणाला होता. दुपारी बाराला त्याची पार्सल पोचवायची शिफ्ट सुरू व्हायची. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे विषय वाढले आणि वेळापत्रक दीडपर्यंत लांबलं. शेवटची लेक्चर रोज बुडायला लागली. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली, नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं. पालकांना घेऊन ये म्हटल्यावर धाकट्या बहिणीला घेऊन आला. वडील गावी, आईला कामावरून सुट्टी नाही. बहीण शाळेच्या युनिफॉर्ममध्ये काउंटरसमोर उभी होती. मला ते अजून आठवतं.

दोन केटी लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले. पुढच्या वेळी नेहमीची परीक्षा फी आणि केटीची फी एकदम आली. मी फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, पगार झाला की येतो." आला नाही.

2020 च्या त्याच धोरणात लिहिलंय की उच्च शिक्षणातलं पटनोंदणीचं प्रमाण, म्हणजे कॉलेजच्या वयाच्या शंभर मुलांमागे किती नावं नोंदली जातात ते, 2035 पर्यंत 50 टक्क्यांवर न्यायचं. 2021-22 च्या सरकारी पाहणीत ते 28.4 होतं. वाढायलाच हवं. पण हा आकडा नाव नोंदवणाऱ्यांचा आहे. शिवडीच्या मुलासारखी मुलं ज्या वर्षी प्रवेश घेतात, त्या वर्षी त्यात मोजली जातात. ती गेली कधी, का गेली, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? ज्या कॉलेजने प्रवेश दिला, त्याने पहिल्या वर्षानंतर किती मुलं गळाली हा आकडा दर वर्षी नोटीस बोर्डावर लावावा. माझी एवढीच मागणी आहे, आणि ती मी आमच्याही कॉलेजकडे केली आहे.

फीच्या सवलती आहेत, आणि त्यांचं मोल मला माहीत आहे. 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ झाली, तेव्हा काउंटरवर एक आई रडली होती. पण बारीक अक्षरंही वाचायला हवीत. अनुसूचित जातीच्या मुलांच्या पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे महिन्याला एकवीस हजारांहूनही कमी. मुंबईत आई घरकामाला आणि बाप वॉचमन असला, तरी दोघांचे मिळून त्याहून जास्त होतात. मग शिष्यवृत्तीऐवजी फ्रीशिप मिळते, फी सुटते, पण निर्वाह भत्ता जातो. आणि त्या भत्त्यातूनच तर रेल्वेचा पास निघतो, वडापाव निघतो!

त्यात फॉर्म. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर दर वर्षी नव्याने अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. कितीतरी मुलांच्या फॉर्मवर सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो, "अर्जात त्रुटी आहे" हा मेसेजही त्याच्याकडेच जातो. मुलाला कळेपर्यंत मुदत संपलेली असते. यावर कुठली योजना नको, ऑगस्टमध्ये एक माणूस आणि एक कॉम्प्युटर काउंटरवर बसवला तरी पुरे. मी दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत हे करून पाहिलंय. मुलं रांग लावतात.

वेळापत्रकाचं मात्र मला राहूनराहून वाटतं. बाबासाहेबांनी 1946 साली याच मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, ते नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळचं ठेवलं. कोणाला कामावर कधी जायचंय, हा विचार तिथे आधी झाला होता. आज आपण हजेरी मोजतो, पण मुलाची शिफ्ट विचारत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर जात, धर्म, रक्तगट, सगळ्याला रकाना आहे. "काम करतोस का, किती ते किती?" याला नाही. तो एक रकाना असता, तर शेवटची दोन लेक्चर आठवड्यातून दोनदा पहाटे घेता आली असती. आमचे दोन प्राध्यापक तयार होते, मी स्वतः विचारलं होतं.

गेल्या सोमवारपासून मी तो गठ्ठा घेऊन फोन लावतेय. निम्मे नंबर बंद आहेत. एक मुलगी लग्न होऊन कल्याणला गेली, म्हणाली, "अजून चालेल का मॅडम?" तिचं मी विद्यापीठात विचारून कळवणार आहे. शिवडीच्या मुलाचा नंबर लागत नाही. त्याची मार्कशीट मी वरच्या कप्प्यात ठेवली आहे.

तुमच्या चाळीत, बिल्डिंगमध्ये, ओळखीत केटी राहिली म्हणून घरी बसलेलं कुणी असेल, तर त्याला त्याच्या कॉलेजच्या ऑफिसात पाठवा. आधार कार्ड आणि जुनं हॉलतिकीट सोबत न्यायला सांगा. हॉलतिकीट हरवलं असेल तर सीट नंबर, तोही आठवत नसेल तर नुसतं वर्ष. रजिस्टरमध्ये नाव सापडतं.