नऊशे डॉलरचा दाखला देताना

पुण्यातल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले काही महिने एकच वाद फिरतोय. लाडक्या बहिणींना महिना १५०० रुपये, बारा लाखांपर्यंत आयकर नाही, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत कपात. लोकांच्या हातात पैसा आला की बाजार हलतो, असं एका बाजूचं म्हणणं. कुणी शंका काढली की उत्तर ठरलेलं: "ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये माणशी नऊशे डॉलर वाटले आणि मंदी टाळली. मेलबर्नवाल्याला विचारा." मेलबर्नवाला म्हणजे मी. मला न विचारता माझ्या नावावर हा दाखला खपवतात याचा मला राग येतो, कारण तो अर्धाच आहे.

पैसे वाटले हे खरं. पण माणशी नऊशे नव्हेत. ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या करदात्याला ९००, ९० हजारांपर्यंत ६००, एक लाखापर्यंत २५०. शिवाय सप्टेंबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात इथल्या रिझर्व्ह बँकेने व्याजदर ७.२५ वरून ३ टक्क्यांवर आणला. इथली बहुतेक घरकर्जं बदलत्या दराची, त्यामुळे हप्ते भराभर उतरले. चीन लोहखनिज उचलत राहिला. त्यात नऊशे डॉलरचा वाटा किती, यावर इथेही एकमत नाही.

आणि शंका काढणारा माणूस इथेही होता. कायदा शिकवणाऱ्या ब्रायन पेप यांना २५० डॉलर मिळणार होते. हा पैसा वाटायचा केंद्राला अधिकारच नाही, असं म्हणून ते हायकोर्टात (इथलं सर्वोच्च न्यायालय) गेले. कायदा फेब्रुवारीतला, निकाल एप्रिलमध्ये. चार विरुद्ध तीन मतांनी सरकारच्या बाजूने. पेप हरले, पण देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने अडीचशे डॉलरची शंका ऐकून घेतली. आपल्या ग्रुपवर ती दोन मिनिटंही टिकत नाही.

दुसऱ्या बाजूचे मित्र म्हणतात, तिकडे शिस्त आहे, आपल्याकडे नुसती खैरात. त्यांनी मंदीविरोधातल्या त्याच सरकारी पॅकेजमधली छताच्या इन्सुलेशनची (उष्णतारोधक थर बसवायची) योजना बघावी. घरामागे १६०० डॉलरपर्यंत, नंतर १२००. घरमालकाच्या खिशाला बहुतेक वेळा काहीच लागायचं नाही, कारण ठेकेदार बिल परस्पर सरकारकडून वसूल करायचा. घोळ तिथेच झाला. ज्याचे पैसे जात नाहीत तो छतात डोकावून काम बघत नाही. कालपर्यंत भलताच धंदा करणारे इन्सुलेशनचे ठेकेदार झाले. प्रशिक्षणाची अट पातळ होत होत सुपरवायझरपुरती उरली. काही घरांत ॲल्युमिनियमची फॉइल लाकडी तुळयांवर धातूच्या स्टेपलने ठोकायचे. तुळईलगत विजेची केबल असते. स्टेपल तिच्यात घुसली की अख्ख्या फॉइलमध्ये करंट उतरतो, आणि काम करणारा मुलगा त्याच फॉइलवर गुडघे टेकून पुढे सरकत असतो. चार जण गेले. तिघे विजेने, एक छतातल्या उष्म्याने. सगळ्यात लहान १६ वर्षांचा होता. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद केली. १ जुलै २००९ ला सुरू करायचीच या हट्टापुढे धोक्याचा विचार मागे पडला, हे पुढे रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, २०१४ मध्ये लिहून ठेवलं.

शाळांना हॉल आणि वाचनालयं बांधून द्यायला १६.२ अब्ज डॉलर होते. तिथे कुणाचा जीव गेला म्हणून नव्हे, तर हिशेबावरून ओरड झाली. न्यू साऊथ वेल्स आणि व्हिक्टोरियात सरकारी शाळांची कामं सरकारी खात्यांनी वरून दिली. कॅथलिक आणि खासगी शाळांनी आपापली करून घेतली आणि त्यांना ती स्वस्त पडली. मुख्याध्यापिका रोज सकाळी बांधकामासमोरून जात असेल आणि बिलावर तिची सही लागत असेल, तर फरक पडतोच.

सरकारने मंदीत खर्च करूच नये असं मी म्हणत नाही. माझी शंका घाईबद्दल आहे, आणि मोजायला कोण उभं आहे याबद्दल आहे. ही शंका मी मेलबर्नमध्ये शिकलो नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो हात पाझर तलावांवर, नालाबांधांवर, खडी फोडायला लागले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्यातून उभी राहिली. तालुक्यातली कामं आधी आखून, मंजूर करून ठेवायची आणि मागणी आली की सुरू करायची. मातीकामात खणताना मध्ये मूळ जमिनीचा एक खुंट तसाच ठेवतात. टेप लावला की खोली कळते, खोलीवरून घनमीटर, घनमीटरवरून मजुरी. पैसा कुठून आला, तर शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसाय करातून आणि तेवढीच भर राज्याने घालून. आजही पगाराच्या स्लिपवर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ते हेच. त्या योजनेतही खोटी मस्टरं, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, झाली. पण ती खोटी ठरवता आली, कारण जमिनीत खुंट होता.

जीएसटी कपात निदान तपासता येते. फरसाणावर १२ चे ५ टक्के झाले, म्हणजे ११२ रुपयांचा भाकरवडीचा पुडा १०५ ला यायला हवा. पाच-दहा रुपयांच्या पाकिटात किंमत उतरवणं अवघड, तिथे ग्रॅम वाढवतात. दुकानात उभं राहून दोन्ही वाचता येतं.

सिमेंटच्या रस्त्याचं तसं नाही. केंद्राकडून राज्यांना ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज मिळतं ते त्याच वर्षात खर्चायचं, म्हणून मार्चमध्ये सगळीकडे खणाखणी. काँक्रीट ओतल्यावर पहिल्या दिवसातच सांधे कापावे लागतात, नाहीतर ते हवं तिथे तडकतं. मग निदान दोन आठवडे ओली पोती. त्याच काँक्रीटच्या नमुन्याच्या ठोकळ्याची, म्हणजे क्यूबची, ताकद २८ दिवसांनी तपासायची. २० मार्चला ओतलेल्या रस्त्याचं बिल ३१ ला निघतं, तेव्हा तो निकाल आलेलाच नसतो. खाली ड्रेनेज आणि केबलची पाइप आधी टाकली नसेल, तर पावसाळ्यानंतर पुन्हा ब्रेकर. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम पंधरा वर्षांचा असताना २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला. दोन्ही वेळचा खर्च जीडीपीच्या आकडेवारीत वाढ म्हणूनच लागला, बांधतानाचा आणि पाडतानाचाही.

हे लिहिलं की ग्रुपवर उत्तर येतं, "तिकडे बसून शिकवू नकोस बाबा." ते मला लागतं, आणि त्यात थोडं तथ्य आहे हेही मला माहीत आहे. तिकडे, म्हणजे इथे, तरी मी कितीसा आहे? २०२० मध्ये कोविडात नोकऱ्या टिकवायला जॉबकीपर आलं, कामगारामागे कंपनीला पंधरवड्याला १५०० डॉलर. ज्यांची उलाढाल ठरलेल्या प्रमाणात घटलीच नाही अशा कंपन्यांना पहिल्या सहा महिन्यांत २७ अब्ज गेले, असं इथल्या ट्रेझरीनेच नंतर सांगितलं. तात्पुरत्या व्हिसावरच्या पोरांना मात्र काही नाही, पगारातून कर कापला जात होता तरी. त्यात कितीतरी आपली मराठी मुलं होती. आपलं कोण, हे सरकार पैसे वाटताना ठरवतं.

कोथरूडच्या फ्लॅटचा मिळकतकर मी दर मे महिन्यात भरतो. स्वतः राहणाऱ्याला महापालिका ४० टक्के सवलत देते, त्यासाठी पीटी-३ अर्ज आहे. त्यावर सही करायचा मला हक्क नाही. बिल पूर्ण भरतो, आणि त्यातून आमच्या गल्लीत झालेल्या रस्त्याच्या क्यूबचा निकाल काय लागला, हे विचारत राहतो.