‘डायनोसॉरच्या नावाखाली मुलीला रडवलंत’ या अभिप्रायाला शिबिरचालकाचं उत्तर

नमस्कार,

नामशेष प्राण्यांवरच्या आमच्या पाच दिवसांच्या शिबिराबद्दल तुमच्या तक्रारी तीन: डायनोसॉर फार थोडे होते, मुलीने केलेला अमोनाइटचा (समुद्रात राहणाऱ्या, शंखासारखं कवच असलेल्या नामशेष प्राण्याचा) ठसा घरी पोचेपर्यंत फुटला आणि तिसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन परतली.

पहिल्या दोन्हींत चूक आमचीच. जाहिरातीवर नुसता टायरॅनोसॉरस होता. पाचपैकी दोनच दिवस डायनोसॉरचे, हे कुठेही लिहिलं नव्हतं. ती जाहिरात आता बदलली आहे. ठशाचं प्लास्टर नीट वाळायच्या आत आम्ही ते मुलांच्या हाती दिलं. यापुढे ठसे पहिल्या दिवशी करून शेवटच्या दिवशी देऊ. मुलीला नवा करायचा असेल तर साचा राखून ठेवला आहे.

तिसऱ्या दिवसाचं जरा सविस्तर सांगतो. त्या दिवशी विषय होता टास्मानियन वाघ, म्हणजे थायलसिन. हा खरा वाघ नव्हे. पाठीवर पट्टे असलेला, कांगारूसारखी पिशवी असणारा शिकारी प्राणी. मेंढ्या मारतो म्हणून ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाच्या सरकारने १८८८ ते १९०९ या काळात त्याला मारणाऱ्यांना दोन हजारांहून जास्त बक्षिसं दिली. जुलै १९३६मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि ५९ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, तिथल्या होबार्ट शहराच्या प्राणिसंग्रहालयातला शेवटचा थायलसिन मेला.

तुमच्या मुलीने विचारलं, “मग कायदा आधी का नाही केला?” तास संपत आला होता. मी “उद्या बोलू” म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी मॅमथच्या नादात ते राहूनच गेलं. एवढा चांगला प्रश्न मी तसाच सोडला, याची मला मनापासून खंत आहे. आता त्या तासानंतरचा अर्धा तास फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवला आहे.

पण ‘हा विषय तेरा वर्षांच्या मुलांना नको’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. पक्षी सोडून बाकीचे डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळल्यावर संपले. त्यात कुणाचा दोष नव्हता. उत्तर अमेरिकेतली अब्जावधी प्रवासी कबुतरं (पॅसेंजर पिजन) मात्र शिकारीने आणि जंगलतोडीने संपली. शेवटचं १९१४मध्ये पिंजऱ्यात मेलं. या वयाच्या मुलांना हा फरक नेमका कळतो, म्हणून तर ती अस्वस्थ होतात. फक्त पहिली गोष्ट सांगून दुसरी लपवणं मला जमणार नाही.

मुलीला सांगा, थायलसिनला वाचवा अशी मागणी कायद्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून होत होती. ती कुणी केली आणि कुणी अडवली, हे तिच्याशी बोलायचं आहे. येत्या शनिवारी सकाळी तिला घेऊन या, ठसाही तेव्हाच करू.