काचेच्या टाकीत शेवाळाचं विक्रमी पीक

ऊस झाला, हळद झाली, द्राक्षं झाली, बेदाणाही झाला. आता सांगलीत आणखी काय पिकवायचं, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी पुढचं नीट वाचावं. जागा लागते हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार फूट बाय दीड फूट. पाणी सव्वादोनशे लिटर, खारं. पीक शेवाळाचं, हंगाम बारमाही. गारपिटीची भीती नाही, भावाची चिंता नाही, कारण भावच नाही. मी हे पीक सलग दोन वर्षं घेतलंय, तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

दुकानदार तुम्हाला ही टाकी 'रीफ टँक' म्हणून विकेल. म्हणजे बॅक्टेरिया वसलेले 'जिवंत' खडक, प्रवाळ, नारिंगी-पांढरे क्लाउनफिश वगैरे. त्याच्या मोबाईलमधला फोटो बघून भुलू नका. तो फोटो आहे, सातबारा नाही.

सुरुवात पाण्यापासून. आमच्या विश्रामबागेतल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो आणि गिझरची कॉइल दर वर्षी जाते. शेवाळासाठी ह्याहून चांगलं पाणी शोधून सापडणार नाही. अगदीच मन धजत नसेल तर स्वयंपाकघरातल्या आरओचं घ्या. त्यात चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, त्यामुळे विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर साठ-सत्तर दाखवतो. जाणकार शून्य मागतात. त्यासाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा डबा लावतात, म्हणजे आरओला चुकवून आलेली सिलिकाही अडकते. तुम्ही डबा लावू नका. सिलिका आत गेली की पहिल्या महिन्यातच डायटम नावाचं तपकिरी, बारीक शेवाळ उगवतं आणि पांढरीशुभ्र वाळू आजीच्या हातून मिश्रीचा डबा सांडल्यासारखी दिसते. ही झाली उगवण.

एप्रिलमध्ये टाकीतलं दोन-तीन लिटर पाणी रोज उडतं. उडतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं, आणि तुम्ही वरून ओतलेल्या पाण्यात जे जे होतं तेही सगळं मागेच राहतं. म्हणून रोज बोअरचंच ओता. पाणी पाजून पाजून रान क्षारपड कसं होतं हे कृष्णाकाठच्या माणसाला काय समजावून सांगायचं! पण हेच टाकीत होतं म्हटलं की आपण डोळे मोठे करतो.

मिठाचं वेगळं सांगतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, घनता १.०२५ च्या आसपास, आणि मीठ टाकीसाठीच बनवलेलं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळं समुद्राच्या हिशेबानं असतं. शेजारच्या काकूंनी "लोणच्याचं खडेमीठ नाही का चालत?" असं विचारलं होतं. त्यापेक्षा पुढची कल्पना आमच्या साडूंची. ते गणपतीपुळ्याहून वीस लिटरचे चार कॅन किनाऱ्यावरूनच भरून घेऊन आले. प्रसाद आणि पाणी एकाच डिकीत. किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात गाळ असतो, सडका पालापाचोळा असतो, जे पाहिजे ते सगळं असतं. जरूर वापरा.

आता खत. दिवसातून तीनदा, आणि पाहुणे आले की चौथ्यांदा. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं म्हणतात, पण पोरांना मासे जेवताना बघायचे असतात. फ्रीजरमधली कोळंबीच्या जातीच्या बारक्या जिवांची वडी सरळ आत सोडा. वितळवून, गाळून, ते पाणी बेसिनमध्ये ओतायचा शहाणपणा करू नका. त्या पाण्यातही फॉस्फेट असतो. उरलेलं अन्न खडकामागे कुजतं, त्याचा अमोनिया होतो, अमोनियाचा नायट्राइट, नायट्राइटचा नायट्रेट. बॅक्टेरिया इथवर इमानेइतबारे काम करतात आणि मग बहुतेक हात वर करतात. नायट्रेट बहुतांशी तुम्ही बाहेर काढाल तेव्हाच जायचा. फॉस्फेट तर त्याहून वस्ताद. तो खडकाच्या चुन्यात जाऊन बसतो आणि पाणी स्वच्छ झालं की हळूहळू परत बाहेर येतो. जुनी थकबाकी असते ना, तशी.

उजेड भरपूर द्या. प्रवाळाला निळसर उजेड आणि आठ-दहा तास पुरतात, पण निळ्या उजेडात पाहुण्यांना काही दिसत नाही. पांढरे दिवे लावा, सकाळी सहाला सुरू, रात्री मालिका संपल्यावर बंद. टाकी खिडकीशी ठेवलीत तर सोन्याहून पिवळं. म्हणजे हिरवं.

आणि काहीही मोजू नका. ह्या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण आपण सांगलीकर मुळात मोजणारी माणसं. जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे हे आपल्याला तासातासाला लागतं. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे शाळकरी पोरगंही झोपेत सांगेल. कोयनेतून विसर्ग किती क्युसेक्स, यावर पानटपरीवर हमरीतुमरी होते. पण स्वतःच्या हॉलमधल्या सव्वादोनशे लिटरात नायट्रेट किती, म्हटलं की सगळे एकदम अध्यात्मिक होतात. "पाणी बघा की, कसं नितळ आहे!" नितळ असतंच. विरघळलेलं खत दिसत नाही, म्हणून तर त्याला विद्राव्य म्हणतात. नायट्रेट पाच-दहा पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असला की टाकी ठीक चाललीय, असं बहुतेक जण धरतात. टेस्ट किट हजार-दोन हजारांत येतं. त्या पैशात आणखी एक मासा येतो. मासा आणा.

पीक जोमात आलं की सल्ले येतात, तेही सगळे घ्या. पहिला सल्ला गोगलगायींचा. मी एका दमात चाळीस आणल्या. त्या खातात, खोटं नाही. पण खाल्लेलं जातं कुठं? मागच्या बाजूनं परत पाण्यात. ह्या खिशातलं त्या खिशात. शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात आणि स्वतःच खत होतात. टर्बो जातीची तर उलटी पडली की तिला बऱ्याचदा सुलटं होता येत नाही. रात्री दोन वाजता कोपरापर्यंत हात बुडवून गोगलगाय सरळ करणारा माणूस घरातल्यांना कसा दिसतो, ते मी सांगत नाही.

दुसरा सल्ला औषधाचा. माझ्याकडे पिसासारखं ब्रायॉप्सिस नावाचं शेवाळ आलं होतं. त्याच्यावर फ्लुकोनॅझोल चालतं. हो, गजकर्णावरची गोळी. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या हिशेबानं मला दीडशेच्या सात-आठ लागत होत्या. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, माणसासाठी नाही, टाकीसाठी. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, काउंटरवरचे माझे हात पाहिले, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "लाजायचं काय त्यात? घरात किती जणांना झालंय?" शेवटी ओळखीच्या डॉक्टरांनी हसत हसत चिठ्ठी दिली. तीन आठवड्यांत ब्रायॉप्सिस मेलं. मेलं ते तिथंच कुजलं, आणि त्याच खतावर पुढच्या महिन्यात केसाळ शेवाळ आलं. दुबार पेरणीचाही खर्च नाही.

तिसरा सल्ला नेटानं पाळणाऱ्यांसाठी. फॉस्फेट शोषणारी लोहयुक्त पूड भरपूर घाला आणि सगळं शून्यावर आणा. समुद्रातल्या प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांत, कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस साधारण ठरावीक प्रमाणात असतात, हे अमेरिकेतल्या आल्फ्रेड रेडफिल्डनं १९३० च्या दशकात दाखवलं. ते प्रमाण आता सरासरी १०६:१६:१ धरतात. आपण त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही शून्य करतो. मग हिरवं शेवाळ जातं आणि मोकळ्या रानात डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव येतात, तपकिरी शेंबडासारखे, टोकाला हवेचे बुडबुडे धरून. त्यातल्या काही जाती विषारी, खाणारी गोगलगायच मरते. त्यानंतर तुम्हाला साध्या हिरव्या शेवाळाची आठवण येऊन गहिवरून येईल.

एक गोष्ट मात्र गमतीत नाही. मालवणला गेलात तर प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणू नका. आपल्या समुद्रातली खडकं बांधणारी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघासोबत.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात वॉल्टर एडी नावाच्या शास्त्रज्ञानं प्रवाळाची टाकी स्वच्छ ठेवायला उलट शेवाळच वापरलं. शेजारी वेगळ्या पसरट पाटात, कडक उजेडाखाली ते वाढू द्यायचं आणि ठरल्या दिवशी खरवडून बाहेर काढायचं. म्हणजे कापणी करायची आणि माल रानाबाहेर न्यायचा. टाकीत हातानं उपटणं, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं, फेसातून घाण वेगळी काढणाऱ्या स्किमरचा काळा घाण कप रिकामा करणं, सगळं त्यातलंच. हे कंटाळवाणं आहे, ह्याची बाटली मिळत नाही, म्हणून ह्याला कोणी उपाय मानत नाही. तुम्हीही मानू नका.

गेल्या महिन्यात तासगावहून मेव्हणा आला होता. द्राक्षबागायतदार. चहाचा कप घेऊन तो टाकीसमोर उकिडवा बसला, बराच वेळ बसला. मग म्हणाला, "दाजी, देठ परीक्षण केलंय का?" द्राक्षबागेत पानाचा देठ तपासून खताचं मान बघतात, ते.

मी म्हटलं, "ह्याला देठ कुठला?"

"मग पाणी तरी?"

त्याच्यापुढे लाज वाटून मी सहा महिने पडून असलेलं किट फोडलं. नायट्रेट साठच्या वर. फॉस्फेट पॉइंट आठ. त्यानं आकडे दोनदा वाचून घेतले, मुलखाच्या गंभीर चेहऱ्यानं. "फॉस्फेटचं खत, शून्य-बावन्न-चौतीस, सोडताय काय ह्यात? आम्ही बागेला सोडताना दहादा विचार करतो." मग बाही वर सारून त्यानं हात घातला आणि तासाभरात बादलीभर हिरवा गुंता उपटून काढला. जाताना मूठभर पिळून बघत म्हणाला, "ताईला सांगा, कुंडीत टाकू नका हे. खारट आहे."

ताईनं आदल्याच आठवड्यात टाकलं होतं. कढीपत्ता गेला.