९१ नव्हे, ११५!

आजचा क्लब सामना बघून डोकं फिरलंय. पहिल्या संघाच्या ४० षटकांत १८०. मग ऑक्टोबरची सर आली, गडगडत. ताडपत्र्या निघेपर्यंत २०च षटकांचा वेळ उरला. स्कोअररच्या टेबलावर आयोजकांनी मोबाईल काढला. १८० भागिले ४०, गुणिले २०. झाले ९०, लक्ष्य ९१. विषय संपला, आणि सामनाही तिथेच संपला!

अहो, दहाच्या दहा गडी हातात आणि षटकं फक्त २०, तर साडेचारच्या गतीने कोण खेळेल? पहिल्या संघाला तेच दहा गडी ४० षटकं पुरवायचे होते.

पावसाने षटकं कमी झाली की लक्ष्य ठरवायची डकवर्थ-लुईस पद्धत १९९७ पासून आहे. छापील तक्त्यात ५० षटकं, दहा गडी म्हणजे फलंदाजीची १०० टक्के ताकद. ४० षटकांना ८९.३, २० ला ५६.६. षटकं निम्मी झाली तरी ताकद निम्मी होत नाही. १८० गुणिले ५६.६, भागिले ८९.३ म्हणजे ११४ आणि वर थोडं. अपूर्णांक सोडा, एक धाव मिळवा. ११५! २४ धावा आज फुकट वाटल्या.

डाव सुरू असताना पाऊस आला तर पडलेले गडीही बघायचे. २० षटकं बाकी असताना १० वाहून गेली आणि सगळे गडी शिल्लक असतील, तर नुकसान २४.५ टक्के. सहा बाद असतील तर फक्त ८. इथे हमखास गल्लत होते ती पडलेले आणि उरलेले गडी यांची. रकान्याचं शीर्षक आधी वाचा. आणि बरोबरीचा आकडा म्हणजे लक्ष्य नव्हे. २००३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिका डरबनला ह्याच एका धावेने फसली. २२९ वर जिंकलो समजून शेवटचा चेंडू नुसता अडवला, सामना बरोबरीत.

३०० च्या वर धावा झाल्या की छापील तक्ता तोकडा पडतो, संगणक लागतो, मान्य. पण १८० ला?

आयोजकांच्या मेहनतीबद्दल तक्रार नाही. पावसात ताडपत्र्या तीच पोरं ओढत होती, चिखलात गुडघाभर. म्हणूनच जीव तुटतो. एवढं मैदान सुकवलं ते ९१ साठी? आणि ऑक्टोबरचा पाऊस आपल्याला नवा थोडाच आहे? २०१० ला गोव्यातल्या फातोर्ड्याचा भारत-ऑस्ट्रेलिया सामना ह्याच महिन्यात एकही चेंडू न पडता गेला.

पुढच्या रविवारआधी तक्ता छापून लॅमिनेट करा, स्कोअररच्या पिशवीत ठेवा. नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना दाखवून सही घ्या.