लेख आईच्या मोबाइलवर पोहोचला, त्याबद्दल

नमस्कार.

‘एमबीए करू की पीएचडी?’ या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही खारघरहून लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. तुम्ही सत्तावीस वर्षांच्या, एम.कॉम. झालेल्या, ऐरोलीतल्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळता आणि तुम्हाला वाणिज्य विषयात पीएचडी करायची आहे. तुमचं म्हणणं असं, की लेखात नियमाची चूक आहे, मी ज्ञानाचा हिशेब रुपयांत केला आहे, आणि स्वतःकडे दोन्ही पदव्या असताना इतरांना ‘नोकरीच हवी असेल तर सरळ एमबीए करा’ असं सांगणं मला शोभत नाही. शेवटी तुम्ही लिहिलंत, “आईने तुमचा लेख घरच्या ग्रुपवर टाकला आणि आता माझं कोणी ऐकूनच घेत नाही.”

या शेवटच्या वाक्यामुळे मी हे सविस्तर उत्तर लिहिते आहे.

आधी चूक कबूल करते. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएचडी सक्तीची आहे, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. विद्यापीठांच्या विभागांत ही सक्ती करण्याचा नियम यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2018 मध्ये आणला, तो 1 जुलै 2021 पासून लागू व्हायचा होता, कोविडमुळे पुढे ढकलला गेला आणि जुलै 2023 मध्ये सक्तीच काढून टाकली. आता नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणं ही किमान अट आहे. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या पदांसाठी मात्र पीएचडी लागतेच. म्हणजे दार उघडायला ती लागत नाही, पण आत गेल्यावर वर चढायला लागते. माझ्या एका चुकीच्या वाक्यामुळे एखाद्याने नेटचा अभ्यास सोडून पीएचडीच्या मागे धाव घेतली असेल, तर तो दोष माझा. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता रुपयांबद्दल. इथे मी मागे हटणार नाही. माझे वडील ठाण्यात पोखरण रोडवरच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा मी बारावीत होते. पुढचं प्रत्येक शिक्षण ‘याचे पैसे कोण भरणार आणि तोवर घर कशावर चालणार’ या प्रश्नातूनच गेलं. हा प्रश्न विचारल्याने ज्ञान हलकं होतं असं मला कधीच वाटलं नाही. उलट तो न विचारता पीएचडीला बसलेली हुशार मुलं चौथ्या वर्षी प्रबंध अर्धवट टाकून गेलेली मी पाहिली आहेत, आणि तेव्हा वाया जातं ते ज्ञानच.

पण तुमच्या आरोपात एक खरी गोष्ट आहे. मी दोन्ही पदव्यांचे पगार शेजारी शेजारी मांडले आणि त्या दोन पदव्यांमध्ये माणूस काय शिकतो हे सांगितलंच नाही. ते आता सांगते.

1999 मध्ये मी मुंबई विद्यापीठाची एमएमएस, म्हणजे तिथली एमबीएसारखीच पदवी, झाले आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत विक्री विभागात लागले. आमचा माल किराणा दुकानांत जायचा. दुकानदाराला एकवीस दिवसांची उधारी, बाविसाव्या दिवशी माल बंद, असा नियम होता. एमएमएसने मला तो नियम राबवायला शिकवलं होतं: किती उधारी अडकली, ती कशी वसूल करायची, महिनाअखेरीला वरिष्ठांना काय दाखवायचं. हे शिक्षण फुकाचं नव्हतं. नऊ वर्षं मी त्यावर जगले, घराचे हप्ते भरले.

एक प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. आमच्याकडून एकवीस दिवसांसाठी हात जोडणारा दुकानदार स्वतः गिऱ्हाइकाला दोन-दोन महिने उधारी देतो, ती कशाच्या भरवशावर? 2008 मध्ये मी नोकरी सोडून पीएचडीला नोंदणी केली आणि कोपरी, कळवा, वर्तकनगर इथल्या दुकानांत दुपारच्या मंद वेळात जाऊन बसायला लागले. पहिले सहा महिने हाती काहीच लागलं नाही. मग एका दुकानदाराने आपली लाल वही उघडून दाखवली आणि म्हणाला, “जो सगळी बाकी एकदम फेडतो ना, त्याची मला जास्त भीती वाटते. तो दुसरं दुकान बघतोय. थोडे थोडे देत राहणारा माझाच.” कंपनीत आम्ही ज्याला बुडीत जाणारं गिऱ्हाईक म्हणत होतो, तोच त्याच्या धंद्याचा पाया होता. एकेका वहीतून हे खरं आहे का ते तपासायला मला चार वर्षं लागली, आणि काही भागांत ते खरं नाही हेही निघालं.

मला फरक कळला तो तिथे. एमबीए तुम्हाला सोमवारी सकाळी निर्णय घ्यायला तयार करतं, माहिती अपुरी असली तरी. पीएचडी तुम्हाला तो निर्णय ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूतच उकलायला लावते, मग त्यात चार सोमवार जावोत की चार वर्षं. एकाच माणसाला दोन्हीची ओढ असू शकते. मला होती. पण एका वेळी एकच पोट भरतं आणि एकच मन रमतं, म्हणून निवड करावी लागते.

2014 मध्ये पदवी मिळाली. पुढची दोन वर्षं मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. जितके तास तितके पैसे, तेही कधी चार महिन्यांनी एकदम, आणि मे महिन्यात शून्य. नावापुढे डॉक्टर लागलं होतं आणि मुलीच्या शाळेची फी नवऱ्याच्या पगारातून जात होती. मी खचले नाही, कारण मला काम आवडत होतं. पण नवऱ्याचा पगार नसता तर मी टिकले नसते हेही तितकंच खरं. नंतर एका व्यवस्थापन संस्थेत पूर्णवेळ नोकरी मिळाली. तिथे मुलाखतीत प्रबंधाइतकीच माझ्या नऊ वर्षांच्या कंपनीतल्या अनुभवाची चौकशी झाली.

म्हणून मला आता असं वाटतं, की पगाराच्या आकड्यापेक्षा धोका कधी येतो हे बघावं. एमबीएचा धोका सुरुवातीला असतो आणि तो दिसतो. नावाजलेल्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर जाते, कर्ज डोक्यावर असतं, आणि संस्था चांगली नसेल तर ते कर्ज तसंच राहतं. पण दोन वर्षांनी निकाल समोर असतो. पीएचडीचा धोका शेवटी येतो आणि तोवर दिसत नाही. फी थोडी, फेलोशिप मिळाली तर हातात पैसेही येतात, म्हणून सगळं बरं चाललंय असं वाटतं. खरी किंमत पाच-सहा वर्षांनी कळते, जेव्हा कायम जागांची जाहिरात निघते की नाही याकडे डोळे लावून बसावं लागतं. जागा मिळाली तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं. मिळाली तर, हे शब्द घरात मोठ्याने बोलायला हवेत.

तुमच्याविषयी बोलायचं तर, मला तुमची स्थिती वाईट वाटत नाही. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफसाठी, म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणाऱ्या फेलोशिपसाठी, वयाची अट तीस आहे आणि महिलांना पाच वर्षांची सूट आहे. तुमच्या हातात वेळ आहे. जेआरएफ मिळालं तर 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि नंतर 42,000 रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. फक्त ते दरमहा एक तारखेला येतील असं धरून हप्ता बांधू नका, काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. आता पीएचडी प्रवेशासाठीही नेटचे गुण धरले जातात, त्यामुळे एकाच अभ्यासात दोन कामं होतात. जेआरएफ नाही मिळालं तर नोकरी सोडू नका. कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ पीएचडी करता येते. 2022 च्या नियमांनुसार कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षं, महिलांना आणखी दोन वर्षांची मुभा.

गाइड, म्हणजे पीएचडीचे मार्गदर्शक, निवडताना नावावर जाऊ नका. शोधगंगा या संकेतस्थळावर प्रबंध खुले आहेत. तुमच्या मनातल्या गाइडच्या विद्यार्थ्यांचे तीन प्रबंध काढा आणि शेवटची प्रकरणं वाचा. तिन्हींचे निष्कर्ष एकाच साच्यातले निघाले तर दुसरा माणूस शोधा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, हेही आधी विचारून घ्या.

आणि तुमच्या प्रतिक्रियेत एक गोष्ट नव्हती, ती मी विचारते. तुम्हाला कशावर संशोधन करायचं आहे? तुम्ही ‘पीएचडी करायची आहे’ असं चार वेळा लिहिलंत, प्रश्न एकदाही लिहिला नाहीत. तो असेल तर घरी आधी तो सांगा, पदवीचं नाव नंतर. आणि खरी ओढ फायनान्समध्ये वर जाण्याचीच असेल, तर मुंबई विद्यापीठाचा अर्धवेळ एमएफएम, म्हणजे वित्त व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, नोकरदारांसाठीच आहे. त्यात कमीपणा काही नाही.

आता दोन शब्द तुमच्या आईंसाठी. काकू, माझा लेख तुम्ही लेकीच्या काळजीपोटी पाठवलात हे मी समजू शकते. माझ्या आईनेही मला हेच विचारलं असतं. पण तो लेख तुमच्या मुलीविषयी नव्हता, मी तिला ओळखतही नव्हते. त्यात एक चूकही होती. कृपया त्याच ग्रुपवर हे उत्तरही टाका, आणि एका रविवारी तिला अर्धा तास मध्ये न बोलता सांगू द्या, की तिला कशाचा शोध घ्यायचा आहे आणि पहिली दोन वर्षं घरखर्चाचं काय. दोन्ही प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नसेल तर तिला आणखी सहा महिने द्या. नेटची परीक्षा वर्षातून दोनदा होते.